खापरपणजोबांचा फोटोंचा अल्बम: पानं सुटी करावीत की आहे तसाच ठेवावा?

शुक्रवार_पेठ

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण पूर्ण वाचून मगच सल्ला द्या ही विनंती.

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून चालत पाच-सात मिनिटांवर. २०१९ च्या पुरात खालच्या सोप्यात छातीइतकं पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. भिंती आता धरत नाहीत म्हणून भावंडांनी घर उतरवायचं ठरवलंय आणि महिनाभर मी एकटीच माळा रिकामा करतेय. तिथं घंगाळं, परात, दोन जात्यांच्या तळ्या यांच्यामागे एक शिसवी पेटी निघाली. आत मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेला फोटोंचा अल्बम आणि मोडीत लिहिलेली जाड वही.

हे आमच्या खापरपणजोबांचं. ते संस्थानच्या शाळेत मास्तर होते आणि प्रवासवर्णनं लिहायचे. आजी सांगायची, मास्तरांना दूरदेशीच्या चित्रांचा फार नाद, पगारातले पैसे साठवून मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्याकडून मागवायचे. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. त्याआधी ही कागदाची चित्रं घाट चढून बैलगाडीतून, टांग्यातून न चुरगळता इथवर कशी आली असतील याचं मला फार नवल वाटतं.

अल्बममध्ये ४३ फोटो आहेत. विजापूरचा गोल घुमट, काशीचे घाट (यातल्या दोन फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात आकडा आहे), आग्रा, एडनचं बंदर, सुएझच्या कालव्यात उभी आगबोट, पिरॅमिड. रंग सगळ्यांचा तपकिरी, काही ठिकाणी जांभळट. मधल्या एका जोडपानावर डावीकडे आमच्या पंचगंगेचा घाट आहे, पाण्याकडेच्या समाध्या आणि छत्र्या स्पष्ट ओळखू येतात. समोरच्या उजव्या पानावर एक वेगळी छत्री: घुमट, नक्षीचे खांब आणि आत पगडी घातलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. ही कुठली ते घरात कुणाला माहीत नाही.

आता अडचण. पानं काळपट पडलीत, कडा हात लावला की तुटतात. मला भीती वाटते की हा कागदच फोटोंना खातोय. म्हणून एक फोटो ओल्या कापसानं सोडवायला गेले आणि नखाएवढा कोपरा पानालाच चिकटून राहिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढचा एकही फोटो मी हलवलेला नाही.

दुसरीकडे चुलतभावाचं म्हणणं, सगळे सोडवून स्कॅन करू आणि पाच घरांत वाटून फ्रेम लावू. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थही पुण्याहून येऊन गेले. त्यांना काशी आणि सुएझ मिळून सहाच हवेत, तेही सुटे. छत्री बघून म्हणाले, राजस्थानातली असेल कुठली तरी, हिला गिऱ्हाईक नाही.

सोडवावेत का? कसे? आणि नाही सोडवले तर हे टिकणार कसे?

---

जुना_लेन्सवाला

ताई, आधी एकच करा: हात थांबवा. तो कोपरा पानावर राहिलाय ना, राहू दे. खरवडू नका, डिंक लावू नका. आहे त्या जागी आहे म्हणजे तो हरवलेला नाही.

वर्णनावरून हे अल्ब्युमेन प्रिंट आहेत. १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार नावाच्या फ्रेंच माणसानं ही रीत काढली आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभरचे बहुतेक फोटो याच कागदावर छापले गेले. अंड्याचा पांढरा बलक मीठ घालून फेसायचा, निवळू द्यायचा, त्यावर पातळ कागद तरंगवून वाळवायचा. मग चांदीच्या क्षारात भिजवून काचेच्या निगेटिव्हखाली उन्हात धरायचा. चित्र उन्हातच उमटायचं. शेवटी सोन्याच्या द्रावणातून काढलं की तुम्ही म्हणता तो जांभळट तपकिरी रंग येतो. जर्मनीत ड्रेस्डेनला या कागदाचे कारखाने होते, तिथं दिवसाला हजारोंनी अंडी फुटत.

खात्री करायची असेल तर घड्याळजीकडचं भिंग आणा आणि फिक्या भागावर धरा. कागदाचे तंतू दिसले आणि पृष्ठभागावर बारीक तडे दिसले तर अल्ब्युमेनच. नंतरच्या काळातल्या जिलेटिनच्या फोटोत मध्ये पांढरा थर असतो, तंतू दिसत नाहीत.

तुमचा ओला कापूस का फसला तेही यातच आहे. कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर सुरळी होतो, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. पाणी लागलं की कागद फुगतो, वरचा बलकाचा थर तेवढा फुगत नाही, आणि चित्र फाटतं. चांगले जतनकारसुद्धा हे काम फार विचार करून हाती घेतात. घरी नकोच.

पान फोटोला खातंय ही तुमची भीती खोटी नाही. पण अल्ब्युमेनला त्याहून जास्त खाते ती दमट हवा, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिला तोटा नाही. म्हणून:

माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. घराच्या मधल्या खोलीत लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात, आडवा ठेवा. पानापानांमध्ये आम्लरहित साधा पातळ कागद घाला. वर्तमानपत्र, बटर पेपर, प्लॅस्टिकची पिशवी यांतलं काही नको. डांबरगोळ्या तर त्या कपाटातच नकोत. लॅमिनेशन, चिकटपट्टी, फेव्हिकॉल हे शब्द या अल्बमजवळ उच्चारूसुद्धा नका.

अल्बम स्कॅनरवर पालथा घालू नका, त्याच्या पाठीचा कणा मोडेल. उत्तरेच्या खिडकीशी टेबल लावा, ऊन थेट नको, आणि वरून मोबाईल सरळ धरून पूर्ण पानाचे फोटो घ्या. आधी जोडपान, मग एकेक पान, मग एकेक चित्र. कडेची रिकामी जागासुद्धा आली पाहिजे.

काशीवरच्या आकड्यांबद्दल: आकड्याशेजारी 'बोर्न' अशी इंग्रजी सही दिसते का बघा. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ ला हिंदुस्थानात आला, १८७० ला परत गेला, आणि तेवढ्यात दोन हजारांवर निगेटिव्ह करून गेला. त्याच्या कंपनीच्या यादीत प्रत्येक चित्राला क्रमांक असे, गिऱ्हाईक क्रमांक कळवून मागवी. पुढे लाला दीनदयाळांच्या चित्रांवरही असेच क्रमांक सापडतात. मास्तरांसारखा माणूस घरबसल्या संग्रह करू शकला तो या क्रमांकांच्या जोरावर.

---

इचल_यंत्रमाग

ताई, राग मानू नका, पण मी भावाच्या बाजूनं बोलतो. आमच्या आजोबांचा असाच अल्बम थोरल्या काकांच्या ट्रंकेत राहिला. सगळ्यांचा म्हणून कुणाचाच नाही. शेवटी वाळवीनं भुगा केला. तेच सुटे करून पाच भिंतींवर लावले असते तर निदान दोन घरांत तरी राहिले असते. पोरं रोज येता-जाता बघतात ते फोटो जगतात. कपाटात आडवा ठेवलेला कोण उघडतो?

---

जुना_लेन्सवाला

@इचल_यंत्रमाग दादा, वाळवीचं ऐकून वाईट वाटलं. पण भिंतीवर लावायचे तर प्रती लावा. मूळ अल्ब्युमेन उजेडात टांगला की पिवळा पडत जातो, आणि पावसाळ्यात आपल्या भिंतींना ओल येते ती काचेच्या आत जाते. प्रती पाच काढा, पन्नास काढा. पोरांना फरक पडत नाही.

आणि दुसरं एक. लिहिणाऱ्या माणसानं जमवलेले फोटो हे दुकानातल्या फोटोंसारखे नसतात. जेम्स फर्ग्युसनचं उदाहरण घ्या. हा कलकत्त्यात निळीचा व्यापार करायचा, पुढं हिंदुस्थानच्या वास्तुकलेवर लिहू लागला. १८७६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की त्याच्यापाशी हिंदी इमारतींचे तीन हजारांवर फोटो होते. लांब लांबच्या दोन देवळांचे फोटो शेजारी ठेवून तो साम्य-भेद ताडायचा. शेजारी ठेवणं हेच त्याचं काम होतं. दोन फोटो वेगवेगळ्या घरी गेले तर फोटो उरतील, विचार उरणार नाही.

रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाचंही तसंच. १८४५ मध्ये व्हेनिसला त्यानं तिथल्या वाड्यांचे डागेरोटाइप विकत घेतले, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे फोटो, आणि बापाला कळवलं की हे म्हणजे जवळजवळ वाडाच उचलून नेल्यासारखं आहे. पुढं नोकराकरवी आणखी काढवून घेतले. त्यातला मोठा साठा हरवला होता. २००६ मध्ये इंग्लंडात एका लिलावात लाकडी पेटी निघाली, आत १८८ पत्रे. पेटी फुटली नव्हती, सगळे एकत्र होते, म्हणून ओळख पटवता आली.

ताई, मास्तरांनी चित्रं कुठल्या क्रमानं लावलीत, समोरासमोर काय ठेवलंय, त्याकडे लक्ष द्या. वहीत काय आहे?

---

शुक्रवार_पेठ

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. भिंग आणून बघितलं. तंतू दिसतात, आणि काशीच्या आकाशात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात. आकड्यांशेजारी सही आहे, पहिलं अक्षर बी आहे एवढं नक्की.

दादांचं म्हणणंही मला पोचलं. माझ्या आत्याच्या वाटणीला यातलाच एक सुटा फोटो गेला होता. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेमानंच लॅमिनेट करून दिला. आज त्यात फुगे आलेत आणि माणसांचे चेहरे गेलेत.

वही मोडीत असल्यानं मला वाचता येत नाही. गल्लीतल्या एका काकांनी त्या अनोळखी छत्रीखालची ओळ वाचून दिली: 'फुलारे स येथील नदी…'. त्यांच्या मते फुलारे घराण्यापैकी कुणाची समाधी असावी. फोटोच्या अगदी खालच्या कडेला बारीक पांढरी छापील अक्षरं आहेत, लिपी इंग्रजी पण शब्द इंग्रजी वाटत नाहीत. पहिला शब्द 'फिरेंझे' असा काहीतरी. ओळीचा फोटो सोबत टाकतेय.

---

मोडी_गिरवतोय

ताई, फोटो मोठा करून पाहिला. मास्तरांचं अक्षर सुरेख आहे, बोरूचं, आणि सवयीचं. आधी आडवी रेघ ओढून घेतलीय, मग अक्षरं तिला लटकवलीत.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, तिथंच काकांचं चुकलंय. ओळ सलग अशी आहे: फलारेंसयेथीलनदीसंगमीदहनजाहलेतेस्थळ. पहिल्या अक्षराला उकार नाही. ओळखीचं आडनाव दिसलं की आपण तो मनानंच भरतो, माझंही शिकताना रोज व्हायचं. तोडून वाचा:

फलारेंस येथील नदीसंगमी दहन जाहले ते स्थळ.

वहीचं पहिलं आणि शेवटचं पान पाठवाल का? लिहिणारे लोक खुणांचा खुलासा बहुतेक तिथं करतात. वही बांधलेलीच ठेवा, पानं पूर्ण उघडून दाबू नका.

---

रंकाळाकाठ

मोडीवाल्या दादांची ओळ वाचली आणि अंगावर काटा आला.

ताई, फिरेंझे म्हणजे फ्लॉरेन्स. इटालियन लोक आपल्या गावाला तेच म्हणतात. तुमच्या अल्बममधली ती छत्री राजस्थानातली नाही, आपल्या राजाराम महाराजांची आहे. नावानं घोटाळा होतो म्हणून सांगतो: ताराराणींचे पती ते वेगळे, राजर्षी शाहूंचे चिरंजीव ते वेगळे. हे शाहू महाराजांच्या आधीचे. १८६६ ला गादीवर बसले, १८७० मध्ये विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समधल्या हॉटेलात वारले. वय अवघं वीस.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. हिंदू रीतीत दहनासाठी नदीचा संगम पवित्र. आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी जिथं मिळते तिथं, कासिने बागेच्या टोकाला, रात्री दहन झालं. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आतला पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मॅंटचा, आणि हे नाव कोल्हापूरकराला परकं नाही: टाऊन हॉल आणि नवा राजवाडा त्याचेच. नव्या राजवाड्याच्या खांबांवरची नक्षी डोळ्यांसमोर आणा आणि तुमच्या फोटोतले खांब बघा. त्या जागेजवळच्या आजच्या पुलालाही तिथले लोक 'इंडियानो' म्हणूनच ओळखतात.

महाराज प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली, कॅप्टन वेस्टनं संपादन केली. तुमचे मास्तर शाळेत शिकवणारे, प्रवासवर्णनं लिहिणारे. आपला वीस वर्षांचा राजा परक्या नदीकाठी गेला ही बातमी त्यांच्या ऐन तरुणपणी गावात आली असणार.

छापील अक्षरांबद्दल: फ्लॉरेन्समध्ये अलिनारी बंधूंचा फोटोंचा कारखाना १८५२ पासूनचा, शिवाय ब्रोजी हा दुसरा फोटोवाला. दोघेही चित्राच्या खालच्या कडेला गावाचं नाव, स्थळ आणि क्रमांक छापत. फिरेंझेच्या पुढंमागं यांपैकी कुणाचं नाव लागतंय का बघा. एक मात्र पक्कं, हा फोटो १८७४ च्या आधीचा असू शकत नाही.

आणि आता जोडपान बघा. डावीकडे पंचगंगेचा घाट, छत्रपतींच्या घराण्यातल्यांच्या समाध्या. उजवीकडे आर्नोचा संगम. घराण्यातली कितीतरी माणसं या काठी, एक त्या काठी. मास्तरांनी हे दोन फोटो चुकून समोरासमोर लावलेत असं मला वाटत नाही. हीच छत्री त्या पुण्याच्या गृहस्थांना नको होती.

---

इचल_यंत्रमाग

ताई, माझा सल्ला मागं घेतो. नका सोडवू. प्रती मात्र काढा, आणि त्या जोडपानाची एक मला हवी, खर्च मी देईन.

---

शुक्रवार_पेठ

रात्रीचे अकरा वाजलेत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

रंकाळाकाठ, तुमचं उत्तर मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला आता नीट दिसत नाही. तिनं अल्बमवर हात ठेवून एवढंच विचारलं, "मग त्यांचं तिथं कोण होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

मोडी_गिरवतोय यांनी वहीचं पहिलं पान वाचून पाठवलंय. मास्तरांनी खुणा ठरवल्या होत्या. स्वतः जाऊन पाहिलेलं स्थळ असेल तर चित्राच्या डाव्या कोपऱ्याशी फुली. नुसतं चित्र पाहून आणि ऐकून लिहिलं असेल तर शून्य. वाचणाऱ्याला फसवू नये म्हणून ही खूण, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

या खुणा मला इतके दिवस दिसल्याच नव्हत्या. शिसपेन्सिलीच्या आहेत, काळवंडलेल्या पानावर नजरेला येत नाहीत. खोलीतला दिवा मालवून बॅटरी पानाला लागून आडवी धरली तेव्हा पेन्सिलीचा दाब वर आला. एकेक पान मोजलं. फुल्या ११: गोल घुमट, आमचा घाट, पुणे-मुंबईकडची काही. शून्यं ३१: काशी, आग्रा, एडन, सुएझ, पिरॅमिड. काशीला ते कधी गेलेच नाहीत, आणि आजी आम्हाला सांगायची की मास्तर काशी करून आले.

राहिला एक. फ्लॉरेन्सच्या छत्रीखाली फुली नाही आणि शून्यही नाही. तीनदा बघितलं, चारी कोपरे बघितले.

हे सगळं कापलेल्या फोटोत नसतं आलं. खुणा फोटोवर नाहीत, पानावर आहेत.

भावाला फोन केला, अर्धा तास बोललो. आधी वैतागला, मग गप्प बसला, मग म्हणाला की अल्बम आणि वही एकत्र तुझ्याकडं ठेव, घर बांधून होईपर्यंत तुझ्या मधल्या खोलीत, मग बसून ठरवू. पुण्याच्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. आत्याचा लॅमिनेट केलेला फोटो मी मागून घेतलाय. अल्बममध्ये सुएझनंतर एक रिकामी जागा आहे, चारी कोपऱ्यांवर डिंकाचे डाग आहेत आणि त्या जागेच्या डाव्या कोपऱ्यात शून्य आहे. माप जुळतं. चेहरे गेले असले तरी तो फोटो आता त्या पानाशीच ठेवणार, सुटा, पाकिटात.

आम्लरहित कागद कोल्हापुरात कुठं मिळेल ते कुणी सांगितलं तर बरं होईल, नाहीतर मुंबईहून मागवते. सकाळी टेबल उत्तरेच्या खिडकीशी ओढून पहिल्या पानापासून फोटो घ्यायला बसणार आहे. आणि मोडीवाले दादा, छत्रीच्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे, फार पुसट, बॅटरीच्या उजेडातच दिसली. तिचा फोटो उद्या टाकते.